सकाळचीच पापडी का अडकते

पापडी पुन्हा अडकली तेव्हा रेवा माझ्या कडेवर होती. नुकतीच न्हाऊन, धुरी घेऊन, टोपडं घालून पेंगुळलेली. प्रिंटरचे रूळ फिरायला लागले आणि मग ते ओळखीचं कर्रर्र आलं. पुढच्या फटीतून निळ्या चौकोनाची नुसती कड बाहेर आली आणि तिथंच थांबली.

"कागद अडकला आहे," सहायक म्हणाला. प्रिंटरमधून बोलणाऱ्या आवाजाला आम्ही सहायक म्हणतो. कंपनीनं त्याला ठेवलेलं नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही. "कृपया मागचं झाकण उघडा."

"उघडतेय रे बाबा."

हे आता मला झोपेतही जमलं असतं. मागचं झाकण उघडायचं. हिरवी खिटी खाली दाबायची. पापडी दोन्ही कडांना धरून सरळ ओढायची, तिरकी ओढली की फाटते. मग रूळ हातानं फिरवत सुती कापडानं पुसायचे. त्यासाठी मी रेवाच्या जुन्या दुपट्याचा तुकडा ठेवलाय. झाकण 'टक्' असं वाजेपर्यंत दाबायचं आणि वाट बघायची.

दुसरी पापडी नीट आली. मी ती रेवाच्या जिभेवर ठेवली. तिनं ओठ मिटून मचमच केलं आणि निळी जीभ बाहेर काढून दाखवली.

काही मिनिटांत नवऱ्याचा फोन आलाच. सर्वेश. मागे समुद्राचा आवाज.

"अगं, नारिंगी दाखवतंय."

"अडकली होती. दिली आता."

"परत? हां, हिरवा झाला. चल मग, बोट लागलीय."

"अरे ऐक ना, काल ही स्वतःहून पालथी—"

पण तोवर समुद्राचा आवाज बंद झाला होता.

*

रेवाच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी जन्मापासून नीट काम करत नाहीत. तुमच्या-माझ्या शरीरात त्या एक संप्रेरक गुपचूप बनवत असतात, पहाटे भरपूर, रात्री कमी. ताप आला, दचकलो, पडलो की लगेच जास्त. ते आहे म्हणून आपण आजारातून उठून बसतो. रेवाला ते बाहेरून द्यावं लागतं, दिवसातून तीनदा, जन्मभर. जास्त झालं तर वाढ खुंटते, कमी झालं तर रक्तातली साखर आणि मीठ उतरतं आणि बाळ ओल्या कापडासारखं गळून पडतं. आणि तिला लागणारी मात्रा इतकी कमी, की त्या मापाची गोळी कुणी बनवतच नाही. मोठ्यांची गोळी खलात कुटायची, पाण्यात कालवायची आणि सिरिंजनं त्यातला अंदाजे एवढासा भाग पाजायचा, असं आम्ही सुरुवातीला करत होतो.

प्रिंटरनं तो अंदाज संपवला. तत्त्व घरोघरी असलेल्या शाईच्या प्रिंटरचंच. बारीक छिद्रांतून डोळ्यांना दिसणारही नाहीत असे थेंब कागदावर मारायचे. फक्त शाईच्या जागी औषध, आणि कागदाच्या जागी तांदूळ आणि साबुदाण्याच्या सत्त्वाची पातळ चकती, जिभेवर विरघळणारी. तिला पापडी हे नाव माझ्या सासूबाईंनी दिलं. रेवाच्या मांडीवर चिकटवलेली पट्टी कातडीखालच्या पाण्यातून दर काही मिनिटांनी पातळी मोजते, प्रिंटर त्यावरून किती थेंब लागतील ते ठरवतो आणि तेवढाच निळा चौकोन छापतो. ताप असेल तर मोठा चौकोन. इतकं अचूक, की आमच्या डॉक्टरीणबाई पहिल्या महिन्याचा आलेख बघून नुसत्या हसत राहिल्या.

आणि ठिपका. पापडी छापली, बाळानं घेतली, पट्टीवर पातळी चढायला लागली, की घरातल्या सगळ्यांच्या फोनवर रेवाच्या नावापुढे हिरवा ठिपका येतो. उशीर झाला की नारिंगी, फारच झाला की लाल. कुणाला काही विचारावं लागत नाही.

प्रिंटर येण्याआधी या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मिरजेहून सासूबाई, अकोल्याहून माझी मम्मी, रजा टाकून बसलेला सर्वेश. खलाच्या तळाला राहिलेली पूड धुऊन पाजायची की टाकायची, यावरून दोन विहिणी दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. मला कंटाळा यायचा, एकदा तर मी न्हाणीघरात जाऊन रडले होते, एवढी माणसं आणि एवढी मतं.

मग प्रिंटर आला आणि जो तो म्हणायला लागला, आता मशीन आहे ना. मम्मी गेली, तिची शाळा सुरू झाली होती. सासूबाईंचा मिरजेला शिवणाचा क्लास, मुली खोळंबलेल्या. सर्वेशला समुद्रातल्या पवनचक्क्यांवर वरची जागा मिळाली. तीन आठवडे समुद्रात, एक आठवडा घरी. "मशीन नसतं तर मी हो म्हटलंच नसतं," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. म्हणून मी वेंगुर्ल्याच्या पुढच्या या कर्मचारी वसाहतीत, जिथं निम्म्या घरांना कुलूप आणि उरलेल्या घरांत पाळी संपवून झोपलेली माणसं, रेवाला घेऊन एकटी राहते. ठिपका हिरवा असतो. फोन वाजत नाही.

*

सुरुवातीला पापडी आठवड्यातून एकदा अडकायची. मग एक दिवसाआड. सहायकाचं म्हणणं, हवा दमट आहे. दमटपणानं पापड्यांच्या कडा वळतात आणि दोन-दोन एकदम ओढल्या जातात. मी पाकीट हवाबंद डब्यात ठेवलं, डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, पापड्या भरण्याआधी पत्त्यांसारख्या सुट्या करून घेतल्या. नवं पाकीट मागवलं. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी कर्रर्र.

सर्वेश घरी आला त्या आठवड्यात मात्र एकदाही नाही.

"मी असताना कसं नाही अडकत?" सोफ्यावर पाय पसरून तो म्हणाला. "तुझ्या हातातच आहे काहीतरी, ईशू."

"मग राहा ना इथंच. मशीनचा नवरा होऊन."

"चिडलीस?"

"नाही. तुझ्यासमोर शहाण्यासारखं वागतंय, एवढंच बघतेय."

तो हसला. मीही हसले. पण तो गेल्यावर पुन्हा सकाळी अडकली तेव्हा मला त्या प्रिंटरचा खराच राग आला. पाहुण्यांसमोर गुणी असणाऱ्या मुलासारखा.

आणि एक गोष्ट मी स्वतःपाशीही नीट बोलले नव्हते. नारिंगी झाला की फोन यायचे. आधी सर्वेश, मग सासूबाई, मग शाळेच्या मधल्या सुट्टीत मम्मी. दोन-दोन मिनिटं, पण यायचे. झाकण उघडताना माझा एक कान फोनकडे असायचा. काय काय सांगायचं ते मी मनात लावून ठेवायचे, रेवा पालथी झाली, रेवा आरशातल्या रेवाला बघून रागावली. बहुतेक वेळा ते सांगून व्हायच्या आत ठिपका हिरवा व्हायचा.

*

मग एका सकाळी पापडी फाटली. अर्धा निळा चौकोन माझ्या हातात, अर्धा आत.

"छापलेला भाग किती, हे ठरवता येत नाही," सहायक म्हणाला. "तुकडा बाळाला देऊ नका."

आतला तुकडा चिमट्यानं काढला, रूळ पुसले. दुसरी पापडी अडकली. तिसरीही. रेवाला आदल्या दिवशी लस दिली होती आणि अंग कोमट होतं. ती रडत नव्हती, हीच गोष्ट मला आवडेना. पाय गार. मी फ्रिजमधून लाल डबी काढून ओट्यावर ठेवली. त्यात ऐन वेळी मांडीत द्यायचं इंजेक्शन असतं. शिकताना मी ते संत्र्याला दिलं होतं. मी डबी उघडली, बंद केली, उघडली. चौथ्या खेपेला पापडी आली, मोठा चौकोन, तापाचा. रेवाच्या जिभेवर ती विरघळेपर्यंत मी तिच्या ओठांकडे बघत बसले. मग ती माझा कानातला डूल ओढायला लागली तेव्हा कुठं मी लाल डबी परत फ्रिजमध्ये ठेवली.

ठिपका लाल झाला होता. सगळे एकदम फोनवर. सर्वेशला बोटीवरून रेंज नव्हती तर त्यानं कुणाचा तरी उपग्रहाचा फोन मागून घेतला होता. मम्मी वर्ग सोडून बाहेर आली होती. सासूबाई शेवटी आल्या आणि सगळ्यांना गप्प केलं.

"मी येते रविवारी. क्लास बघून घेतील पोरी. ईश्वरी, ऐकतेस का?"

"हो, आई."

"जेवून घे आता."

त्या दिवशी मी दोन खोल्यांतल्या वस्तू पुसल्या. सासूबाईंची गादी उन्हात टाकली.

*

पण चार दिवस होते मध्ये, आणि पुन्हा ती सकाळ मला नको होती. मी शास्त्र शिकलेली मुलगी आहे. इतके दिवस सहायक म्हणेल ते करत राहिले याची लाज वाटली. रेवा झोपल्यावर बसून विचार केला. दमट हवा रात्री जास्त असते, मग रात्रीची पापडी कधीच का अडकत नाही? दुपारचीही नाही. सकाळचीच का? आणि सर्वेश घरी असताना सकाळचीही का नाही?

सकाळी काय असतं, जे तो असताना नसतं?

मी झाकण उघडलं, रुळावरून बोट फिरवलं. रबर कसं थोडं खरखरीत लागायला हवं, तसं नव्हतं. गुळगुळीत, अगदी थोडं तेलकट. बोट नाकाशी नेलं. ओवा.

रेवा न्हाली की मी तिला धुरी देते. धुपाटण्यात निखारा, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणीची सालं. सासूबाईंनी शिकवली तशी. गॅलरीत समुद्राचा वारा असतो, निखारे उडतात, म्हणून स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला प्रिंटर. धुरासोबत ओव्याचं तेल उडतं आणि गार रबरावर जाऊन बसतं. रूळ पापडी ओढतो तो केवळ घर्षणाच्या जोरावर. तेलाचा पातळ थर पुरतो. रूळ घसरतो, पापडी तिरकी होते, अडकते. मग मी रूळ पुसते आणि दुपारची, रात्रीची बिनतक्रार येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुरी. सर्वेशला धुरानं खोकला येतो, म्हणून तो असला की मी देत नाही.

मी सहायकाला सांगितलं. कंपनीला कळलेलं बरं, दुसऱ्या घरांतही कुणीतरी देत असेल.

"कारण सापडलं. घरात धूर करते मी, बाळासाठी. तो रुळावर बसतो."

"घरात धूर आहे का? कृपया बाळाला घेऊन बाहेर पडा. मी अग्निशमन दलाला—"

"नको, नको. धुरी. धुरी म्हणतात त्याला. ओव्याची."

"धुरी हा भाग या मॉडेलमध्ये नाही," सहायक म्हणाला.

मी एकटीच हसले, मोठ्यानं. रेवानं झोपेत दचकून हात उडवले. हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी फोन उचलला, आणि ठिपका हिरवा होता, आणि मी तो खाली ठेवला.

*

रूळ साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडानं पुसले, मग कोरड्या. प्रिंटर झोपायच्या खोलीत हलवला. धुरी बंद केली. तीन सकाळी पापडी फटीतून अलगद आली. हिरवा, हिरवा, हिरवा. घराला साबणाचा आणि समुद्राचा वास यायला लागला. तीन दिवसांत माझ्याशी बोललेली माणसं दोन, एक दूधवाला आणि एक चुकीच्या दारावर आलेला.

शनिवारी दुपारी सर्वेशचा संदेश आला. 'आई म्हणतेय आता बरं चाललंय, तिकीट रद्द करते. क्लासच्या मुलींची परीक्षा आहे. बरं झालं ना, सुटलं एकदाचं?' पुढे हसरा चेहरा.

मी त्याला अंगठा पाठवला.

प्रिंटरवर उजवीकडे एक बटण आहे, 'पापडी घेतली नाही'. बाळानं थुंकली, खाली पडली, तर दाबायचं. दाबलं की पट्टी काहीही दाखवो, ठिपका नारिंगी होतो. रेवानं दुपारची पापडी नुकतीच घेतली होती. मी त्या बटणावर बोट ठेवून उभी राहिले. दाबायला जोरही लागत नाही. तीन वेळा फोन वाजला असता. एकानं तरी विचारलं असतं, तू बरी आहेस ना. आणि प्रिंटरनं माझ्यावर विश्वास ठेवून, रेवानं घेतलेली मात्रा घेतलीच नाही असं धरून, पुढचा चौकोन मोठा छापला असता. मला माणसांशी खोटं बोलायचं असेल तर आधी तिच्या औषधाच्या हिशेबाशी खोटं बोलावं लागणार होतं.

मी बोट काढलं. हात ओढणीला पुसला. आणि सासूबाईंना फोन लावला. मी आपणहून शेवटचा कधी लावला होता ते आठवेना.

"बोल गं. काय झालं? मला हिरवाच दिसतोय."

"हिरवाच आहे, आई."

"मग?"

मागे शिलाई मशीनची घरघर होती, आणि कुणीतरी मुलगी बाहीचं काहीतरी विचारत होती. मी म्हटलं, "का अडकत होती ते सापडलं. धुरीमुळं. ओव्याचं तेल रुळावर बसत होतं."

"म्हणजे माझ्यामुळंच की."

"तसं नाही हो."

"अगं, पण गॅलरीत द्यायची ना. स्वयंपाकघरात कोण देतं?"

"वाऱ्यानं निखारे उडतात."

"मग देऊच नये. आठ महिन्यांची झाली ती, आता कशाला लागतेय धुरी? डॉक्टरीणबाईंनीही नको म्हटलं होतं ना, छातीला बरी नाही म्हणून? सर्वेशला तर मी सव्वा महिन्यानंतर दिलीच नव्हती. मला वाटलं तू कधीच बंद केली असशील." मग कापड फाडल्याचा आवाज आणि, "तू कशाला देत बसलीस रोज?"

रेवाला सर्दी होते, सवय होती, असं काही म्हणता आलं असतं.

"घरात माणसं असल्यासारखा वास येतो," मी म्हणाले.

पलीकडे घरघर थांबली. मग त्या कुणाला तरी म्हणाल्या, "तुम्ही चालू ठेवा गं," आणि दार लोटल्याचा आवाज आला. आता त्या बाहेर असाव्यात, रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"तिकीट रद्द केलं मी सकाळी."

"हो. सर्वेश म्हणाला."

"गुरुवारपर्यंत परीक्षा आहे पोरींची. मला हलता येत नाही."

"हो, हो. मशीन चांगलं चाललंय आता."

"शुक्रवारी निघते."

"आई, खरंच, मशीनला काही—"

"मी काय मशीन बघायला येणार आहे?" त्या चिडूनच म्हणाल्या. मग आवाज उतरला. "असं सांगायचं असतं गं, ईश्वरी. मला आपलं वाटायचं, हिरवा आहे म्हणजे तुझं सगळं चाललंय. त्या ठिपक्यापाशी नाव रेवाचं आहे, हे माझ्याही ध्यानात नाही आलं."

मी रेवाच्या टोपड्याची नाडी सारखी केली.

"दुपारी काय जेवलीस?"

"पोळी होती कालची."

"आणि?"

"चहा."

"ऊठ. भात लाव. फोन ठेवू नकोस, ओट्यावर राहू दे."

शुक्रवार सहा दिवसांवर होता आणि बाहेर वसाहतीत एकही दार उघडं दिसत नव्हतं. मी फोन ओट्यावर ठेवला आणि तांदूळ धुवायला घेतले. मिरजेला दार पुन्हा लोटलं गेलं, घरघर सुरू झाली. "काखेत सुरकुती पडतेय बघ, उसव ते," त्या कुणाला तरी म्हणाल्या. मी कुकर लावला आणि शिलाई मशीनची घरघर ऐकत ओट्यापाशी उभी राहिले. कुकरची शिट्टी झाली तेव्हा त्या तिकडून म्हणाल्या, "अजून एक होऊ दे."